ट्यूब काट्याने नाही, रिमने खाल्ली

११ जून. काल रात्री झोडपून पाऊस झाला, दोन दिवसात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईल म्हणून खुशीत होतो आणि सकाळी बघतो तर ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक परत बसलेलं. महिन्यात तिसऱ्यांदा. टायरच्या बगलेतनं दोरे पण दिसायला लागले होते, म्हणून ६.००-१६ चा नवा टायर आणि ट्यूब घेऊनच आलो, बसवायचं मात्र घरीच ठरवलं कारण पेरणीच्या गर्दीत दुकानात चाक टाकलं की दिवस गेलाच समजा.

मागच्या चाकांना दगड लावले, चाक खाली टेकलेलं असतानाच नट ढिले केले, जॅकखाली जाड फळी टाकली, नाहीतर ओल्या काळ्या मातीत जॅकच खाली जातो. चाक निघालं. पण टायर रिमला असा धरून बसलेला की वर उभं राहून दाबला तरी हलेना. आबा म्हणाले, "कडेनं साबणाचं पाणी सोड अन् जरा दम धर." दहा मिनिटांनी टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावली तसा सुटला.

जुनी ट्यूब हवा भरून पाण्यात धरली तर बुडबुडे रिमकडच्या बाजूने! आधीचे दोन्ही पॅच पण त्याच पट्टीत. आबांनी रिमवरून हळूच हात फिरवला आणि गंजाची एक खपली काढून माझ्या हातावर ठेवली, नखाएवढी, धार अगदी ब्लेडची. आम्ही बाभळीचा काटा शोधत राहिलो आणि दुकानवाल्याने दोन्ही वेळा नुसतं ठिगळ मारून दिलं, रिम कुणी बघितलाच नाही. फार वाईट वाटलं.

मग तासभर तारेच्या ब्रशने घासला, पॉलिश पेपर मारला, ऑइलपेंटचा हात दिला आणि जेवण होईस्तोवर उन्हात ठेवला. नव्या ट्यूबला पावडर लावून थोडीच हवा भरली म्हणजे घडी पडत नाही, आणि टामी जेमतेम टोकापुरती घातली कारण खोल गेली की नवीच ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरली, सगळी सोडली, परत भरली. टायरवरची बारीक रेघ रिमभोवती सगळीकडे सारखी दिसली तेव्हा आबा "बसला" म्हणाले. नट समोरासमोरचे आवळले.

उजव्या चाकाचा रिम पण तेवढाच जुना आहे. उद्या सकाळी तो काढणार.