नाशिकमध्ये कॉलेज करता करता फ्रेंच बी-२

पदवीला फ्रेंच घेतलं की तिसऱ्या वर्षाअखेर आपण आपोआप बी-२ ला, म्हणजे भाषा येण्याच्या सहा युरोपीय पायऱ्यांपैकी चौथीला पोहोचतो, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून पाहा. शून्यापासून बी-२ पर्यंत साधारण ६०० तासांचं शिक्षण लागतं असं धरतात. आठवड्याला ४ तास आणि १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर ६० तास होतात, सहा सेमिस्टरचे ३६०. उरलेले तास आपले आपणच काढायचे असतात. कॉलेजचा अभ्यास आणि डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी मी एकाच वेळी केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण बी-२ बद्दल मराठीत सल्ला मिळतो तो बहुतेक ‘व्याकरण पक्कं करा’ एवढाच.

व्याकरण लागतंच, पण बी-२ ची खरी मागणी वेगळी आहे. बी-१ या आधीच्या पायरीला आपण काय घडलं, काय आवडतं ते सांगतो. बी-२ ला एखाद्या प्रश्नावर बाजू घेऊन ती शेवटपर्यंत लढवावी लागते. विद्यापीठाच्या पेपरात नेमलेल्या धड्यावरची उत्तरं पाठ करून चांगले गुण मिळतात, आणि ती सवय इथे नडते.

परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला २५ गुण. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात, पण एका जरी भागात ५ पेक्षा कमी पडले तर एकूण ५० असूनही नापास. म्हणून ‘लेखनात भरून काढू’ म्हणत ऐकणं सोडून देता येत नाही.

ऐकण्याचा भाग साधारण अर्ध्या तासाचा. मोठे ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, छोटे एकदाच. चुकीच्या पर्यायांमध्ये अनेकदा ऐकलेलेच शब्द टाकलेले असतात आणि बरोबर पर्यायात तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत असतो. ओळखीचा शब्द दिसला की खूण करणारा इथे फसतो. तयारीसाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं १० मिनिटांचं रोजचं बातमीपत्र उत्तम, कारण त्याची लिखित संहिताही मिळते. पूर्ण बातमीपत्र नुसतं ऐकण्यापेक्षा त्यातली २ मिनिटं घ्या, संहिता न बघता जसंच्या तसं लिहून काढा आणि मग ताडून पाहा. कुठे अडतं ते लगेच कळतं: बोलताना गाळलेला नकाराचा ‘न’, शब्दांना जोडणारी लिएझाँ आणि आकडे. ऐंशीला ‘चार वीस’ म्हणणाऱ्या भाषेत ९७ म्हणजे ‘चार वीस दहा सात’. बातमीच्या वेगात तो आकडा लिहिता येईपर्यंत रोज दहा-वीस आकड्यांचं श्रुतलेखन करा. पण या बातमीपत्रावरच थांबू नका. परीक्षेतला वेग नेहमीच्या रेडिओचा असतो, तेव्हा काही महिन्यांनी फ्रान्स-अँफोसारख्या वाहिनीकडे वळायलाच हवं.

वाचनाला एक तास असतो आणि तो पुरतो. आधी प्रश्न वाचा, मग उतारा.

लेखनालाही एकच तास, आणि किमान २५० शब्द. विषय बहुधा औपचारिक पत्राचा किंवा लेखाचा असतो: महापौरांना वाहतुकीबद्दल पत्र, कंपनीच्या निर्णयावर आक्षेप, असं काही. शब्द मोजायचा नियम माहीत करून घ्या: दोन मोकळ्या जागांमध्ये जे येतं तो एक शब्द. म्हणजे अपोस्ट्रॉफी आणि जोडरेघा असलेलं ‘सेताद्दिर’ (म्हणजेच) एकच शब्द धरतात. तासातली १० मिनिटं आराखड्याला, ४० लिहायला, १० तपासायला. पत्राच्या शेवटचं लांबलचक आदराचं वाक्य तोंडपाठ हवं, आणि सुरुवातीला ‘मादाम, मस्य’ लिहिलं असेल तर तेच संबोधन त्या वाक्यात पुन्हा आलं पाहिजे. परिच्छेद तीन पुरेत. प्रत्येकात एक मुद्दा, त्याचं कारण, एक ठोस उदाहरण.

उदाहरणासाठी पॅरिसला जायची गरज नाही. प्रचंड पर्यटनाचा विषय आला तर सिंहस्थातल्या रामकुंडावरच्या गर्दीचा दाखला द्या. शेती आणि पाणी आलं तर द्राक्षबागांचं ठिबक सिंचन, शेतमालाच्या भावावर लासलगावचा कांदा. नाशिकची वाइन तर फ्रेंच माणसाला लगेच जवळची वाटते. हे शब्द फ्रेंचमध्ये आधीच तयार ठेवा. आपल्या माहितीतल्या गोष्टीवर वाक्यं सुटसुटीत होतात, हा माझा ठाम अनुभव आहे.

आता मराठी माणसाच्या खास चुका. आपण म्हणतो, ‘वेळ मिळाला असता तर मी गेलो असतो’. दोन्हीकडे ‘असता-असतो’. त्याच सवयीनं फ्रेंचमध्ये ‘सी’ (जर) नंतरही कोंदिस्योनेल, म्हणजे क्रियापदाचं संकेतार्थी रूप, लावला जातो. तिथे तो कधीच येत नाही: जर-च्या बाजूला प्ल्यु-क-पार्फे (आधीच्या भूतकाळाचं रूप), तर-च्या बाजूला कोंदिस्योनेल पासे (संकेतार्थाचं भूतकाळी रूप). दुसरी चूक सुब्जोंक्तीफची, म्हणजे इच्छा-शंका अशा ठिकाणी येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाची. ‘बियँ क’ (जरी) नंतर तो हवाच, पण ‘माल्ग्रे’ (असूनही) नंतर फक्त नाम येतं. आशा व्यक्त करणाऱ्या ‘एस्पेरे क’ नंतर मात्र साधा अँदिकातीफ, म्हणजे नेहमीच्या विधानाचं रूप. सूची पाठ करण्यापेक्षा प्रत्येक जोडशब्दाचं स्वतःचं एक वाक्य बनवून तेच लिहीत राहा. लिंगाचा गोंधळ कमी करायला शेवट बघा: ‘-स्यों’ आणि ‘-ते’ नं संपणारी भाववाचक नामं बहुतांशी स्त्रीलिंगी, ‘-माँ’ आणि ‘-ईझ्म’ ची पुल्लिंगी. निबंधात भाववाचक नामंच जास्त येतात, त्यामुळे एवढ्यानं बरंच काम होतं.

तोंडी परीक्षेत चिठ्ठ्या काढून दोन विषय मिळतात, त्यातला एक निवडायचा. तयारीला ३० मिनिटं, मग ५ ते ७ मिनिटं मांडणी आणि पुढे परीक्षकाशी वाद. दिलेला उतारा फक्त विषयाला तोंड फोडण्यासाठी असतो. त्याचा सारांश सांगत बसणं ही इथली सर्वांत महागडी चूक. उताऱ्यातला मूळ प्रश्न एका वाक्यात मांडा आणि स्वतःचं मत पहिल्याच मिनिटात सांगा. कागदावर पूर्ण वाक्यं लिहिलीत तर ती वाचली जातात, नजर खाली जाते आणि वेळही संपतो. मुद्दे आणि जोडशब्द एवढंच लिहा. परीक्षक मुद्दाम विरोध करतो. तिथे मान डोलावून त्याच्या बाजूला गेलात तर मांडणी कोसळते. त्याचा एखादा मुद्दा मान्य करा आणि ‘सपांदाँ’ (तरीही) म्हणून आपल्या जागेवर परत या. सरावाला फ्रेंच येणारा जोडीदार मिळाला नाही तरी मोबाइलवर सात मिनिटं मुद्रित करून ऐका. अनुनासिक स्वरानंतर आपण जो स्पष्ट ‘न’ उच्चारतो, तो तेव्हाच कानाला खटकतो.

परीक्षा पुण्याच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येते. नाशिकहून अंतर साधारण २१० किलोमीटर, आणि तोंडी परीक्षा लेखीच्या दिवशीच असेल असं नाही. त्यामुळे परीक्षेचं बोलावणं हातात पडल्यावरच परतीचं तिकीट काढा, आणि लेखी सकाळची असेल तर आदल्या रात्री पुण्यातच मुक्काम करा. नापास झाल्यास चारही भाग पुन्हा द्यावे लागतात, पास झालेल्या भागाचे गुण पुढे धरत नाहीत. म्हणून फॉर्म भरण्याआधी घड्याळ लावून निदान एक अख्खी नमुना परीक्षा द्या. ६० च्या आसपास गुण पडत असतील तर अर्ज करा, ५० ला जेमतेम पोहोचत असाल तर पुढच्या सत्रापर्यंत थांबा.