लहान मुलांच्या खुर्च्यांवर वंशभेदाची चर्चा

वॉशिंग्टनला गेलेला मराठी माणूस व्हाइट हाउससमोर फोटो काढतो, स्मिथ्सोनियनमध्ये पाय दुखेपर्यंत फिरतो आणि परत येतो. रविवार मोकळा असेल तर मेट्रोच्या ग्रीन लाइनने कोलंबिया हाइट्सला उतरा आणि चालत सोळाव्या रस्त्यावरचं ऑल सोल्स हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानता देव एकच मानणाऱ्या उदारमतवादी पंथाचं, चर्च गाठा. इमारत १९२४ ची, पण मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समूह, १८२१ पासूनची. संस्थापकांमध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, गुलामगिरीचे विरोधक जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आहेत आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅल्हूनही आहेत. घंटा अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरच्या मुलाच्या कारखान्यात ओतलेली. १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी झाली तेव्हा ती वाजवली गेली. पुढचा सगळा झगडा समजायला एवढं पुरे.

युनिटेरियन म्हटलं की आपल्याकडे विठ्ठल रामजी शिंदे आठवायला हवेत. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांच्या मदतीने शिकले आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. अमेरिकेतले युनिटेरियन १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्टांशी, म्हणजे शेवटी सगळ्यांनाच मोक्ष मिळतो असं मानणाऱ्या पंथाशी, एक झाले. आता त्यांच्यात नास्तिक, ज्यू, बौद्ध सगळे बसतात. कुठलाही पंथमंत्र म्हणावा लागत नाही, वहीत सही केली की सभासद. प्रार्थना समाज ज्यांनी पाहिलाय त्यांना इथे फारसं परकं वाटणार नाही.

रविवारची उपासना तासाभराची. चॅलिसमधली (चषकातली) ज्योत लावतात, करड्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातून गाणी होतात, कुणी आजारपण सांगतं, कुणी नातवाचा जन्म. वर्गणीची ताटली पाहुण्याने पुढे सरकवली तरी कुणी वाईट मानत नाही. नंतर कॉफी. पुष्कळ ठिकाणी पाहुण्याला वेगळ्या रंगाचा मग देतात, म्हणजे जुने सभासद आपणहून बोलायला येतात. कल्पना चांगली, कॉफी पाणचट.

पण सांगायचंय ते मेरीलँडच्या एका उपनगरातल्या मंडळीबद्दल, जिचं नाव देत नाही. तिथे जेवणानंतर वंशभेदावर ठरवून चर्चा होती. पाहुण्यांनाही बसू देतात, मात्र आधी सांगावं लागतं.

मांडणी अशी. टेबल नाही, खुर्च्या गोलात. चर्चा चालवणारे दोघं, एक गोरा आणि एक बिगरगोरा. सुरुवातीला नियम वाचतात: ‘मी’ म्हणून बोला, दुसऱ्याच्या बोलण्यावर लगेच उत्तर देऊ नका, बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणा, इथलं बाहेर नेऊ नका. (म्हणून खाली कुणाचाच मागमूस ठेवलेला नाही.) प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ लावून. घड्याळ अपमानास्पद वाटतं खरं, पण ते नसेल तर निवृत्त प्राध्यापक एकटाच वीस मिनिटं खातो. टिश्यूचा डबा गोलाच्या मधे ठेवत नाहीत, कडेच्या फळीवर ठेवतात. मधे असला की कुणीतरी अपराधभावाने रडायला लागतं, सगळे त्याची समजूत काढतात आणि जिच्यावर अन्याय झाला तीच पाणी आणायला उठते.

एका फेरीनंतर दोन खोल्या होतात, गोऱ्यांची एक आणि बाकीच्यांची एक. आपल्याला ऐकूनच खटकतं. पंक्तिभेद मोडायला जमलेली माणसं पुन्हा वेगळ्या पंगती कशाला मांडतात? माझं मत तिथे बसून बदललं. एकत्र बसलं की पन्नास गोऱ्यांत जे चार कृष्णवर्णीय असतात ते दर वेळी शिक्षक होतात. वेगळं बसल्यावर गोऱ्यांना आपले प्रश्न आपसांत निस्तरावे लागतात. दार बंद झाल्यावर आमच्या खोलीतल्या बाईंनी पहिल्यांदा चप्पल काढून पाय मोकळे केले.

खोली मात्र रविवारच्या बालवर्गाची. गोऱ्यांना मोठा हॉल, कारण ते जास्त. आम्हाला सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या. साठी ओलांडलेली माणसं गुडघे हनुवटीला लावून वंशभेदावर बोलताहेत!

तिथे हैदराबादचा एक तरुण होता. म्हणाला, “मला वंशभेदाचा फारसा अनुभव नाही. कामापुरते संबंध, सगळे नीट वागतात.”

शेजारच्या बाईंनी विचारलं, “घरी, तुमच्या देशात?”

“तिथे तर आम्ही सगळे एकाच रंगाचे.”

“सिएटलने २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, ती मग कुणासाठी?”

तो गप्प बसला. नियम असा की त्याच्यावर कुणी तुटून पडायचं नाही, त्यामुळे घड्याळाची उरलेली दीड मिनिटं तशीच गेली. मग तो म्हणाला, “आमच्याकडे आडनाव विचारतात.” बाई म्हणाल्या, “आमच्याकडे विचारायची गरज पडत नाही.” त्यापुढे अर्धा तास जी चर्चा झाली तशी आपल्याकडच्या कुठल्याही परिसंवादात मी ऐकलेली नाही.

जुने कृष्णवर्णीय सभासद हातचं राखून का बोलतात, तेही तिथे कळतं. जेम्स रीब हे ऑल सोल्सचे माजी सहायक मिनिस्टर (धर्मोपदेशक), गोरे. मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठी ते अलाबामातल्या सेल्माला गेले, तिथल्या मारहाणीत त्यांचा जीव गेला आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या पत्नीला फोन केला. दोनच आठवडे आधी जिमी ली जॅक्सन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने गेला होता, तेव्हा देश एवढा हलला नव्हता. १९६८ साली युनिटेरियन-युनिव्हर्सलिस्ट संघटनेच्या क्लीव्हलँडमधल्या वार्षिक सभेने कृष्णवर्णीयांच्या समितीला चार वर्षांत दहा लाख डॉलर द्यायचं ठरवलं, मग पैशांची चणचण सांगून हप्ता कापला. समितीने संघटनेशी संबंध तोडले, पुष्कळ कृष्णवर्णीय बाहेर पडले. २०१७ मध्ये वरच्या जागांवर गोऱ्यांचीच वर्णी लागते यावरून वाद पेटला आणि संघटनेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. २०२३ पासून सोफिया बेटनकोर्ट अध्यक्ष आहेत. त्या पदावर आलेली ही पहिली बिगरगोरी स्त्री. तरीही प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. संघटनेच्या बॉस्टनमधल्या मुख्य कार्यालयाने सुचवायचं, पैसा, मिनिस्टर आणि इमारत यांचा निर्णय स्थानिक सभासदांनी मतदानाने घ्यायचा. कुणाला काही बदलायचं असेल तर गोड बोलून भागत नाही, अंदाजपत्रकात ओळ घालून घ्यावी लागते.

शेवटी दोन्ही खोल्यांनी एकेक मागणी मांडायची होती. हॉलवाल्यांची मागणी आणखी एक वाचन-मंडळ काढावं अशी. आमच्या खोलीची मागणी पुढच्या वेळी खोल्यांची अदलाबदल करावी अशी. टाळ्या दोन्हींना पडल्या. वाचन-मंडळाची नावनोंदणी तिथेच सुरू झाली. खोल्यांचा विषय इमारत समितीकडे पाठवला, आणि तिची बैठक महिन्यातून एकदाच होते.