तुम्ही विचारलंत म्हणून: मेनार्डने युद्धनौका का नेली नाही?

ब्लॅकबिअर्डचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डच्या दिमतीला इंग्लंडच्या आरमाराची जहाजं होती. मग एवढ्या नामचीन चाच्यावर तो भाड्याची, एकही तोफ नसलेली दोन गलबतं घेऊन का गेला?

पाण्यामुळे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाणाऱ्याला हे लगेच पटेल: ओहोटीला खाडीत पाणी उतरलं की वेळापत्रकाला कोण विचारतो! ‘पर्ल’ आणि ‘लाइम’ या युद्धनौका अमेरिकेतल्या व्हर्जिनियात होत्या आणि ब्लॅकबिअर्ड दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या ओक्राकोक बेटाच्या आडोशाला. तिथलं पाणी उथळ, वाळूचे दांडे जागा बदलणारे. मोठं जहाज आत शिरलं की रुतलंच. म्हणून व्हर्जिनियाचा गव्हर्नर स्पॉट्सवूडने ‘जेन’ आणि ‘रेंजर’ ही दोन हलकी जहाजं भाड्याने घेतली. त्यांवर साठेक माणसं, बंदुका आणि तलवारी. पलीकडे ब्लॅकबिअर्डच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ जहाजावर माणसं कमी, पण तोफा आठ.

22 नोव्हेंबर 1718 ची सकाळ. वारा पडलेला, म्हणून वल्ही मारत जवळ जायचं. एवढं करूनही मेनार्डचं जहाज वाळूत अडकलंच. त्याने तळातला भार आणि पाण्याची पिंपं समुद्रात फेकली, तेव्हा कुठे ते मोकळं झालं. तेवढ्यात ‘अ‍ॅडव्हेंचर’च्या तोफांनी छर्रे ओकले आणि एका फैरीत त्याची वीसएक माणसं पडली. तोफा न नेल्याची किंमत ती ही.

यानंतर मेनार्डने केलं ते खरं डोकं. उरलेल्यांना त्याने डेकखाली दडवलं. चाच्यांनी दारू, छर्रे आणि लोखंडाचे तुकडे ठासलेल्या, तोंडाशी वात लावलेल्या बाटल्या फेकल्या. डेकवर माणसंच नसल्याने त्या जवळजवळ वाया गेल्या. धुरात डेक ओसाड दिसला, ब्लॅकबिअर्ड उडी मारून आला आणि खालची माणसं वर धावली. पडला तेव्हा त्याच्या अंगावर पाच गोळ्यांच्या आणि वीसएक वारांच्या जखमा होत्या.

जाता जाता एक. त्याच नोव्हेंबरात मुंबईचे इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. त्यांच्या कागदांत कान्होजीही ‘चाचा’च, पण मराठ्यांच्या सरखेलाला ब्लॅकबिअर्डच्या पंगतीला बसवणं साफ चूक. उथळ खाडीत मोठं जहाज पांगळं होतं, हे मात्र कोकणच्या गलबतवाल्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मेनार्डने ब्लॅकबिअर्डचं मुंडकं जहाजाच्या पुढच्या काठीला टांगून नेलं. व्हर्जिनियाने त्यावर 100 पौंडांचं इनाम लावलं होतं. वाटणीत लढाईला न गेलेले खलाशीही घुसले आणि पैसे हाती पडायला चारेक वर्षं गेली.