अपडेट: १८ वर जाणं अडलंय, कारण प्रायमरी कीमध्येच डुप्लिकेट

गेल्या अपडेटमधला बेत सोपा होता. पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) १७ वरून १८ वर लॉजिकल रेप्लिकेशनने (जुन्या सर्व्हरवरची रेकॉर्ड आणि त्यांतले बदल नव्यावर पाठवत राहणं) जायचं, सगळी टेबलं कॉपी झाली की कटओव्हर, म्हणजे काम नव्या सर्व्हरवर हलवायचं. छोटी टेबलं झटपट गेली. पार्ट्सचं मोठं टेबल मात्र शेवटाला येऊन पडतं, पाच सेकंदांनी सिंक वर्कर पुन्हा उठतो, पुन्हा पहिल्यापासून कॉपी करतो आणि पुन्हा पडतो. एरर एकच: डुप्लिकेट की व्हॅल्यू, युनिक कन्स्ट्रेंट मोडला. तोही पार्ट कोडच्या प्रायमरी कीवर, जिच्यात एक कोड एकदाच असू शकतो. म्हणजे जे सोर्सवर (जुन्या १७ वर) असूच शकत नाही, ते सोर्सवर आहे.

आधी एक गोष्ट करून ठेवा: सबस्क्रिप्शनला (नव्या सर्व्हरवरची, बदल ओढून घेणारी बाजू) 'डिसेबल_ऑन_एरर' चालू करा (१५ पासून आहे, मुळात बंद असतं). नाहीतर वर्कर रात्रभर डोकं आपटत राहतो आणि तिकडे सोर्सवर स्लॉटमुळे (सबस्क्रिप्शन कुठवर पोचलं याची नोंद) वॉल फाइली (बदलांचा लॉग) साचत जातात. 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ'ला मर्यादा घातलेली बरी. स्लॉट गेला तर पुन्हा करता येतो, डिस्क भरली तर सोर्सच बसतो.

आता डुप्लिकेट शोधायचे. ग्रुप बाय कोड, हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त, ही नेहमीची क्वेरी चालवली की उत्तर येतं शून्य. इथेच बहुतेक जण फसतात. प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) टेबलाऐवजी इंडेक्स वाचणारा इंडेक्स-ओन्ली स्कॅन निवडला आणि इंडेक्सचा क्रम बरोबर आहे असं धरून गट पाडले. क्रमच बिघडला असेल तर जुळे शेजारी येतच नाहीत आणि मोजले जात नाहीत. सेशनमध्ये 'एनेबल_इंडेक्सस्कॅन', 'एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन' आणि 'एनेबल_बिटमॅपस्कॅन' तिन्ही ऑफ करून तीच क्वेरी पुन्हा चालवली, तेव्हा सुमारे ४० लाख रेकॉर्डमधून ३१७ कोड दुहेरी निघाले. ते ३१७ कोड एकाखाली एक लावले की नमुना लगेच दिसतो: प्रत्येकात हायफन आहे. नुसत्या आकड्यांचा एकही कोड त्यात नाही.

हायफन दिसला की संशय थेट जी-लिब-सीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, पोस्टग्रेस मजकुराचा क्रम तिच्याकडून घेतं) जायला हवा. तिच्या २.२८ आवृत्तीत (ऑगस्ट २०१८) अक्षरं लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. त्याआधी पहिल्या फेरीत विरामचिन्हं जमेतच धरली जात नव्हती, नंतर त्यांना स्वतःचं वजन मिळालं. पाच कोड घ्या. जुन्या नियमाने क्रम लागतो १०-५, ११, १-१, ११-२, ११३. नव्या नियमाने लागतो १-१, १०-५, ११, ११-२, ११३. बाकीचे जागच्या जागी राहिले, १-१ मात्र थेट पुढे गेला. बी-ट्रीमध्ये (इंडेक्सची झाडासारखी रचना) हाच कोड शोधताना वरच्या पानावर दुभाजक १०-५ असेल, तर नवा नियम डावीकडे पाठवतो. रेकॉर्ड बसलंय उजवीकडे. शोध म्हणतो सापडत नाही, इन्सर्ट म्हणतं जागा मोकळी आहे, आणि दुसरा १-१ आत येतो. युनिक इंडेक्स आपलं काम चोख करतोय, फक्त चुकीच्या पानावर.

या सर्व्हरचा इतिहास आधीच्या अपडेटमध्ये आहेच: डेबियन ९ (जी-लिब-सी २.२४) वर पोस्टग्रेस १३, तिथून बेसबॅकअपने (डेटा फाइलींची थेट प्रत) डेबियन १२ (२.३६) वर रेप्लिका, ती प्रमोट केली (मुख्य सर्व्हर केली), मग पीजी-अपग्रेडने (आवृत्ती बदलणारं साधन) १७. फिजिकल रेप्लिकामध्ये इंडेक्सची पानं जशीच्या तशी येतात, म्हणजे जुन्या नियमाचा क्रमही तसाच येतो.

मग नियम बदलल्याचा इशारा का आला नाही? हा भाग सगळ्यात चीड आणणारा. डेटाबेसच्या डीफॉल्ट कोलेशनची (अक्षरं लावण्याच्या नियमांची) आवृत्ती पोस्टग्रेस नोंदवू लागलं ते १५ पासून. १३ मध्ये ती नोंदच नाही. पीजी-अपग्रेडने नव्या क्लस्टरमध्ये (पोस्टग्रेसची एक पूर्ण मांडणी) डेटाबेस बनवला तेव्हा पुढे न्यायला जुनी आवृत्ती नव्हती, म्हणून चालू सिस्टिमची २.३६ लिहिली गेली. कागदोपत्री सगळं जुळतं आणि इशारा कधीच येत नाही. ज्यांनी १४ किंवा त्याआधीच्या पोस्टग्रेसची डिस्क नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेऊन मग अपग्रेड केलं, त्या सगळ्यांनी इंडेक्स आजच तपासावेत.

तपासायला पीजी-अ‍ॅमचेक (१४ पासून). 'हीपऑलइंडेक्स्ड' आणि 'इन्स्टॉल-मिसिंग' हे दोन्ही पर्याय द्या. बिघडलेल्या इंडेक्सवर 'आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड' असं स्पष्ट येतं. पण तो प्रत्येक इंडेक्समध्ये पहिल्या चुकीलाच थांबतो, त्यामुळे नुकसान किती हे त्यातून कळत नाही. १७ मध्ये आलेल्या 'चेकयुनिक'वरही आत्ता विसंबू नका, तो शेजारच्या नोंदी ताडून पाहतो आणि इथे जुळे शेजारी नाहीतच. 'पॅरेंट-चेक' जास्त खोल जातो, पण तेवढा वेळ टेबलवर लिहिणं थांबतं.

आता दुरुस्ती. आधी पूर्ण बॅकअप. थेट री-इंडेक्स चालवलं तर ते डुप्लिकेटवर अडतं, आणि कन्करंटली दिलं असेल तर मागे '_सीसीन्यू' शेपटीचा निकामी इंडेक्स सोडून जातं, तो हाताने ड्रॉप करावा लागतो. म्हणून डुप्लिकेट आधी काढायचे. कोड देऊन डिलीट करू नका: इंडेक्समधून गेलं तर कुठला रेकॉर्ड हाती लागेल याचा भरवसा नाही, सिक्वेन्शियल स्कॅनने गेलं तर दोन्ही जातील. सीटीआयडी (रेकॉर्डचा टेबलातला पत्ता) देऊन नेमका एकच रेकॉर्ड काढा. त्याआधी दोघांचे कॉलम ताडून पाहा, नव्यात भरलेली माहिती जुन्यात नसते आणि उलटही असतं.

फॉरेन की (चाइल्ड टेबलला या कोडशी जोडणारा दुवा) हा यातला खरा सुरुंग आहे. चाइल्ड टेबलवर 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल तर एक जुळा काढताच त्या कोडची सगळी चाइल्ड रेकॉर्ड जातात, दुसरा जुळा शिल्लक आहे याची कॅस्केडला पर्वा नसते. म्हणून त्या सेशनपुरतं 'सेशन_रेप्लिकेशन_रोल' रेप्लिका करून कॅस्केड चालवणारे ट्रिगर बाजूला ठेवायचे (सुपरयूजर किंवा या सेटिंगचा खास हक्क लागतो), डिलीट, कमिट, रोल परत जागेवर. मग री-इंडेक्स कन्करंटली. शेवटी प्रत्येक चाइल्ड टेबलची पालकाशी लेफ्ट जॉइन करून अनाथ रेकॉर्ड शोधायची. इथे ती शून्य निघाली. पीजी-अ‍ॅमचेक आता सगळ्या पर्यायांसह गप्प राहून बाहेर पडतो. त्या शांततेचं मोल हे सगळं निस्तरलेल्यालाच कळेल!

कुठले इंडेक्स पुन्हा बांधायचे? टेक्स्ट, व्हारचार, सायटेक्स्ट यांवरचे, ज्यांचं कोलेशन सी किंवा पॉझिक्स (बाइटने क्रम लावणारी) नाही असे सगळे. 'टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स' बाइटने तुलना करतो, तो सुरक्षित. आकडे, तारखा, यूयूआयडी यांना धक्का नाही. टेक्स्टवरचा ब्रिन (ब्लॉकमागे किमान-कमाल ठेवणारा इंडेक्स) विसरू नका.

कंटेनरवाल्यांना हाच धोका वेगळ्या दाराने येतो. इमेजच्या टॅगमध्ये नुसता पोस्टग्रेसचा आकडा लिहिला तर खालचा डेबियन कधीतरी बदलतो: बुकवर्ममध्ये (डेबियन १२) जी-लिब-सी २.३६, ट्रिक्सीमध्ये (डेबियन १३) २.४१. टॅगमध्ये डेबियनचं नाव लिहाच. आणि तोच व्हॉल्यूम अल्पाइनच्या इमेजला जोडणं तर नकोच, तिथे मसल लायब्ररी आहे आणि तिचा क्रम वेगळा. इशारा आला म्हणून नुसतं 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' चालवणं म्हणजे धुराचा अलार्म काढून ठेवणं: आधी री-इंडेक्स, मग रिफ्रेश. या बाबतीत मायएसक्यूएलची पद्धत जास्त पटते. तिथे कोलेशन सर्व्हरसोबतच येतात आणि नवे नियम आले की नवं नाव येतं.

१८ चा नवा क्लस्टर आयसीयूवर (क्रम लावणारी युनिकोडची वेगळी लायब्ररी) उभा करायचा बेत होता. तो बदलतोय. आयसीयूलाही आवृत्त्या आहेतच, म्हणजे हेच दुखणं फक्त दुसऱ्या लायब्ररीकडे जातं. त्याऐवजी १७ पासूनचा बिल्ट-इन प्रोव्हायडर: इनिटडीबीला (क्लस्टर उभा करणारी कमांड) 'लोकेल-प्रोव्हायडर' बिल्टइन आणि 'बिल्टइन-लोकेल' सी.यूटीएफ-८. क्रम कोड पॉइंटने लागतो, ऑपरेटिंग सिस्टिम काहीही असो. त्याची किंमतही आहे: कोड पॉइंटमध्ये ळ लगेच ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर नाही. म्हणून माणसांना दाखवायच्या याद्यांपुरतं ऑर्डर बायमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन द्यायचं, आणि त्यावर इंडेक्स बांधायचा नाही. पीजी-अपग्रेड जुनंच कोलेशन पुढे नेतो, तेव्हा लॉजिकल रेप्लिकेशनचा लांबचा रस्ता इथे सार्थकी लागतोय.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की नोंदींचं टेबल कोडच्या रेंजवर पार्टिशन केलेलं (कोडच्या सीमांप्रमाणे भागांत वाटलेलं) आहे. चुकीच्या पार्टिशनमध्ये बसलेली रेकॉर्ड री-इंडेक्सने हलत नाहीत. यावर उपाय पब्लिकेशनमध्येच (सोर्सवरची, बदल पाठवणारी बाजू) आहे: 'पब्लिश_व्हाया_पार्टिशन_रूट' चालू केलं की रेकॉर्ड मूळ टेबलच्या नावाने जातात आणि पलीकडे नव्या नियमाने वाटली जातात. पण रेंज तशीच ठेवली तर नवा घोळ, कारण सी.यूटीएफ-८मध्ये लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं सगळ्या कॅपिटल अक्षरांनंतर येतात आणि 'ए ते एम' असल्या सीमांमध्ये बसतच नाहीत. रूटमधून जायचंच आहे तर पलीकडची रचना सारखी असायचीही गरज नाही. तेव्हा १८ वर ते टेबल हॅश पार्टिशनचं करायचं, आठ भाग पुरतील. हॅश बाइटवर चालतो, क्रमाशी त्याला घेणं-देणं नाही.

आता जुनी सबस्क्रिप्शन काढून नव्या क्लस्टरवर कॉपी पहिल्यापासून. सीक्वेन्स (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे काउंटर) रेप्लिकेट होत नाहीत, त्यांची सेटव्हॅल स्क्रिप्ट कटओव्हरच्या यादीत सगळ्यात वर आहे.