रोहितांची धाव, एकाच चित्रात

भिगवण, जानेवारी. सकाळ, वारा उत्तरेचा.

मोठा रोहित (फ्लेमिंगो) जागच्या जागी उडत नाही. मान लांब करून आधी पाण्यावर पळतो, मग हवेत जातो. सलग फ्रेम जोडून एकच चित्र करायचं तर उजनी धरणाच्या फुगवट्यावर याच्याइतका सोयीचा पक्षी नाही.

धाव वाऱ्याच्या तोंडाला असते. ऊन पाठीशी घेऊन थवा पश्चिमेला ठेवला की उत्तरेच्या वाऱ्यात पक्षी डावीकडून उजवीकडे जातात. वारा थव्याकडून आपल्याकडे असेल तर मात्र नुसत्या शेपट्या मिळतात. चरणारी डोकी वर आली, सगळे एकाच दिशेला चालू लागले की बोट शटरवर. नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगणारे असतातच. उडवलेले पक्षी चहूकडे फाकतात आणि त्यांचं चरणंही मोडतं.

कोवळ्या उन्हात शटर १/२५०० सेकंद, छिद्र एफ ७.१, संवेदनशीलता आयएसओ ८००, सगळं मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा, तोही बांधलेला. ऑटो ठेवलं तर गडद पाण्यावर पांढरी पिसं जळतात, आकाश मागे आलं की तोच पक्षी काळवंडतो, आणि अशा फ्रेम पुढे एकमेकींना जुळत नाहीत. फोकस कंटिन्युअस, म्हणजे पक्ष्यामागे सतत फिरणारा.

वेगाचा हव्यास इथे नडतो. सेकंदाला २० फ्रेम, ३० एमबीची एक रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), म्हणजे सेकंदाला ६०० एमबी. व्ही९० दर्जाच्या मेमरी कार्डाची हमी सेकंदाला ९० एमबी लिहिण्याची. पाय पाण्यातून सुटायच्या आतच बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो. शिवाय लागोपाठच्या फ्रेममध्ये पक्षी एकमेकांवर चढतात, त्यामुळे जोडताना प्रत्येक तिसरी-चौथीच कामी येते. सेकंदाला १० पुष्कळ. (१८८२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांची फोटोबंदूक सेकंदाला १२ काढत होती!) नदी सुरय हा पक्षी सूर मारताना टिपायचा तर २० हवेत, पण तो वेग सहसा इलेक्ट्रॉनिक शटरवरच मिळतो, म्हणून सेन्सर जलद वाचणारा कॅमेरा हवा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. वाचन संथ असेल तर १/४००० लावूनही पंख वाकडे दिसतात.

जोडकाम अडतं ते पाण्यापाशी. लाटा दर फ्रेमला बदलतात, सॉफ्टवेअरला धरायला काही उरत नाही. म्हणून पलीकडच्या काठाची बाभळ किंवा खांब प्रत्येक फ्रेममध्ये हवा. डोलत्या नावेत ट्रायपॉड निरुपयोगी, कोपर गुडघ्यावर टेकवलेलं बरं. ६०० ऐवजी ४०० मिमीची लेन्स घ्यावी: थोडी जागा सुटते, काठ आत राहतो, आणि उघडलेला गुलाबी-काळा पंख कडेला कापला जात नाही.