नवतपा, आणि घरात एकच माणूस

25 मे, पहाट

सूर्य रोहिणीत आला, नवतपा लागला. नागपूर, चंद्रपूर, अकोला, कुठेही जा, पुढचे नऊ दिवस बोलणं एकाच विषयावर. पारा 45 ला टेकला की हवामान खातं सरळ उष्णतेची लाट म्हणतं आणि 47 ला तीव्र लाट. इकडच्या माणसाला हे नवीन नाही. ज्या घरातून याच वर्षी जोडीदार गेला, तिथे मात्र तोच उन्हाळा वेगळा लागतो. उन्हाळ्याची कामं बहुतेक घरांत दोघांत वाटलेली असतात. कूलर आणि पाण्याची टाकी एकाकडे, पन्हं, ताक आणि औषधांच्या वेळा दुसऱ्याकडे. माणूस जातो तेव्हा त्याच्या वाटची माहितीही जाते आणि ती कुठे लिहून ठेवलेली नसते.

म्हणून नवतपात पहाटे साडेपाच ते आठ एवढीच कामाची वेळ धरावी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दहापर्यंत तापतं आणि दुपारी नळाला हात लावता येत नाही. दुपारच्या अंगधुणीचं पाणी पहाटेच दोन बादल्यांत काढून न्हाणीघरात झाकून ठेवावं. पिण्याच्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरून ओट्यावर डोळ्यांसमोर मांडाव्या. पेल्याने प्यायलेलं पाणी मोजलं जात नाही, रिकामी बाटली दिसते. वय झालं की तहान उशिरा लागते, आणि शोकात तर लागलेली तहानही उठवत नाही. तहानेची वाट न बघता तासाला एक पेला. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप ठरवून दिलंय, त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच बदलावं.

26 मे, कूलर

यावर जास्त लिहायला हवं, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. आणि एकट्या माणसाच्या घरात मेन स्विच पाडायला दुसरं कोणी नसतं.

पत्र्याच्या कूलरमध्ये पंपाच्या वायरचं आवरण झिजतं, वीज पाण्यात आणि तिथून पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. पाणी भरण्याआधी बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन सॉकेटमधून काढायची. पायात रबरी चप्पल हवी. पिन तीन दांड्यांचीच हवी. तिसरी दांडी मोडून दोन छिद्रांत बसवलेला प्लग आजच बदलून घ्यावा. जुन्या घरांत फक्त एमसीबी असते. ती वायर जास्त भार घेऊ लागली की पडते, माणसाला बसणाऱ्या शॉकने पडेलच असं नाही. शॉकपासून वाचायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे वीज भलतीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. वायरमन ती अर्ध्या दिवसात बसवतो. नव्या कूलरवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

आता गारव्याचं. तीन बाजूंच्या ताट्यांतलं गवत दर वर्षी बदलायचं असतं. जुनं गवत क्षाराने कडक होतं, दबतं, आणि वाराच शिरत नाही. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण वास चांगला येतो. ताटीवर कोरडा पट्टा दिसला की समजावं, वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजलीत. खराट्याची काडी घालून ती मोकळी करावी. तेवढ्या पट्ट्यातून तापलेली हवा थेट आत येत असते. आधी पंप सुरू करावा आणि दहा मिनिटांनी, गवत पूर्ण भिजल्यावर, पंखा. समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच. सगळं बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. मोटर गुणगुणते पण पातं फिरत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्तात येतो, त्यासाठी नवी मोटर घ्यायची गरज नसते.

मोठा कूलर अशा दिवसांत तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. सत्तरीतल्या माणसाने भर दुपारी ती उचलायची गरज नाही. नळापासून अर्ध्या इंची पाइप आणून कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला की पाणी आपोआप भरतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी गेलं पाहिजे.

27 मे, एका माणसाचा स्वयंपाक

एकट्यासाठी रांधायचं जिवावर येतं. मग सकाळचं वरण संध्याकाळी खाल्लं जातं. ओट्यावर राहिलेलं वरण या उन्हात तासा-दोन तासांत बिघडायला लागतं. आंबट वास यायच्या आधीच त्यात पोट बिघडवण्याइतकं काही वाढलेलं असतं. जुलाब लागले की पाणी जातं आणि त्यातच ऊन लागतं. अर्धी वाटीच तांदूळ लावावा. उरलंच तर लगेच पसरट भांड्यात काढून गार करावं आणि फ्रीजमध्ये टाकावं.

गिळवत नसेल तेव्हा आंबील. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून रात्री झाकून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडायचं आणि सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पाणी, मीठ आणि धान्य एकाच वाडग्यात पोटात जातं आणि चावायचे कष्टही नाहीत.

पन्ह्यासाठी दोन मध्यम कैऱ्या भाजून किंवा उकडून वाटीभर गर काढावा. गर गरम असतानाच दीड वाटी गूळ, अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा जिरेपूड घालावी. गारात गूळ विरघळत नाही आणि खडे तळाशी बसतात. पूर्ण निवल्यावर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावं. कोमट असताना झाकण लावलं तर दोन दिवसांत फेस येतो. पेल्याला दोन मोठे चमचे पुरतात. मधुमेह असेल तर पन्ह्याऐवजी मीठ-जिऱ्याचं ताक. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच फोडायचं. अर्धं आज आणि अर्धं उद्या केलं की क्षारांचं प्रमाण चुकतं. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही, तो जेवताना खावा.

28 मे, औषधं

जोडीदार गेल्यानंतर पुष्कळांना झोपेची किंवा मन शांत ठेवण्याची गोळी सुरू होते. यातल्या काही गोळ्या घाम कमी करतात, काही गुंगी आणतात. सर्दीखाजेच्या काही गोळ्यांचंही तेच. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तीच मात्रा भारी पडू शकते. उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मनाने गोळी बंद करू नये. सगळ्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि नेमकं विचारावं, ‘उन्हाळ्यापुरती यातली कोणती कमी करायची?’ इन्सुलिनची न फोडलेली कुपी 2 ते 8 अंशांत राहावी लागते. वापरात असलेलीही 40 अंशांच्या खोलीत ठेवू नये. वीज गेली तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गारव्याला ठेवता येते.

गेलेल्या माणसाची औषधं त्याच कपाटात असतात. काढवत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण रक्तदाबाच्या दोन पाकिटांत गफलत होते, तेव्हा निदान वेगळ्या डब्यात तरी ठेवावी.

29 मे, कागद आणि माणसं

मृत्यूचा दाखला, बँक, कुटुंब निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावर वारस नोंद. ही कामं नवतपासाठी थांबत नाहीत. राज्य सरकारची कार्यालयं पावणेदहाला उघडतात. त्या वेळी दारात असलं तर अकराच्या आत घरी परतता येतं. दाखल्याच्या दहा प्रती आधीच काढून ठेवल्या की झेरॉक्ससाठी भर उन्हात दुसरी फेरी पडत नाही. शनिवार-रविवार ही कार्यालयं बंद असतात. बँकेचा फक्त दुसरा आणि चौथा शनिवार. डोक्याला पांढरा दुपट्टा, पिशवीत पाण्याची बाटली.

भेटायला येणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. बारा वाजता दहा जणांनी येऊन खिडक्या लावलेल्या खोलीत बसायचं आणि घरच्या बाईने चहा टाकत राहायचं, याला सांत्वन म्हणू नये. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर यावं आणि येताना ताकाची बाटली आणावी. रामटेकच्या अंबाळा तलावावर विधी असेल तर गुरुजींना सातची वेळ मागावी, ते देतात. पितरांच्या नावाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून झालेली असते. त्यांच्यामागे राहिलेल्याच्या पेल्याकडे लक्ष देणाराही कोणी हवा.

31 मे

सगळ्यात अवघड गोष्ट ही. उष्माघातात शरीर 40 अंशांच्या वर तापतं आणि मेंदू बिघडायला लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, चालताना झोकांडतो. मात्र ज्याला होतं त्याला ते कळत नाही. घरात दुसरं माणूस असलं की ते म्हणतं, ‘अहो, असं काय बोलताय?’ तेवढ्यावर जीव वाचतो. 1995 च्या शिकागोच्या लाटेत 700 हून अधिक माणसं गेली, त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण मोठं होतं.

त्यात शोकाचं आणि उन्हाचं रूप सारखंच दिसतं. निजून राहणं, न बोलणं, न जेवणं, डोकं दुखणं. घरचे म्हणतात, ‘दुःखात आहे, पडू द्या.’ नवतपात असं पडू देऊ नये. उठवून तीन गोष्टी विचाराव्या: आज वार कोणता, दुपारी काय खाल्लं, किल्ली कुठे ठेवली. उत्तर भरकटलं आणि अंग भाजत असलं तर घाम आहे की नाही हे बघत बसू नये, घाम असूनही उष्माघात होतो. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून, अंगावर ओली चादर टाकून पंखा लावावा. बर्फ काखेत, जांघेत आणि मानेला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

बाहेरगावच्या मुलांनी दोन फोन ठरवावे, एक अकराला आणि एक पाचला. दुपारचं कमाल तापमान तीन-चारच्या सुमारास असतं, म्हणून पाचचा फोन चुकवू नये. ‘बरी आहेस ना?’ असं विचारलं की उत्तर कायम ‘बरी आहे’ येतं. ‘आई, कितवी बाटली चालू आहे? लघवीचा रंग कसा आहे? कूलरला पाणी आलं का?’ असं विचारावं. फोन दोनदा उचलला नाही तर शेजारच्या काकूंनी जाऊन बघायचं, हे आधीच बोलून ठेवावं आणि किल्लीही त्यांच्याकडे द्यावी. दुपारी आतून कडी लावू नये, बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅचच लावावं. किल्ली असून कडीमुळे दार फोडावं लागतं.

2 जून

नवतपा संपत आला. पारा 41 वर उतरला की फोन बंद होतात, आणि खरं तर फसवे दिवस इथूनच सुरू होतात. हवेत ओल येते, कूलरचं पाणी हवेत मुरेनासं होतं, अंग चिकट होतं. आता पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा आणि खिडक्या पूर्ण उघडायच्या. अंग ओल्या फडक्याने पुसून वाऱ्याला बसायचं. रात्रीही झोप लागत नाही, म्हणून पहाटेच्या कामांपैकी निम्मी दुसऱ्या दिवसावर टाकली तरी चालतं. अकरा आणि पाचचे फोन मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत चालू ठेवावे. पाऊस लागला की ताट्या काढून उन्हं मिळतील तेव्हा वाळवायच्या, पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं फिरवून पुसून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी गवत कोणत्या दुकानातून आणायचं, ते कूलरच्या पाठीवर खडूने नाही, पक्क्या शाईने लिहून ठेवायचं.