पार्वोतून उठलेले पिल्लू आणि दोन घरे

पिल्लू दत्तक देण्यापूर्वी आम्ही घर बघतो, माणसे बघतो, फाटकाच्या गजांमधले अंतर बघतो. पण अंगणातली माती बघून निर्णय घ्यायची वेळ क्वचितच येते. या वर्षी ती माझ्यावर आली, आणि त्या वेळी घेतलेला निर्णय अजूनही माझ्या मनातून जात नाही. मी सोलापुरात पाळीव प्राण्यांचा खाजगी दवाखाना चालवते. रस्त्यावरची जखमी किंवा टाकून दिलेली जनावरे उचलून आणणाऱ्या तरुण मुलांचा माझ्याकडे सतत राबता असतो, आणि दत्तक देण्याचे कागदही माझ्याच टेबलावर भरले जातात.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उतरणीला लागली होती, त्या सुमारास यांपैकी दोघांनी बाळे हे उपनगर ओलांडल्यावर पुणे रस्त्याला एका ढाब्यामागे सापडलेले पिल्लू सोलापुरी टॉवेलात गुंडाळून आणले. पाठीवर काळे खोगीर, पाय तांबूस, पंजे अंगाच्या मानाने मोठे. दुधाचे दात पूर्ण आलेले होते आणि एकही बदललेला नव्हता. अंगलटीवरून वय दोन महिन्यांच्या आसपास असावे. जर्मन शेफर्डचे रक्त उघड दिसत होते, तितकेच गावठी रक्तही दिसत होते. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीच्या डिंकाचे काळपट पट्टे होते, आणि डाव्या कानाला पट्टीचा एक तुकडा अजून तसाच चिकटलेला होता. तो तेल लावून सोडवला तेव्हा खालचे केस त्याच्याबरोबर निघून आले आणि गुलाबी, सोललेली कातडी दिसली.

या जातीचे कान साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान उभे राहतात, दात बदलताना मध्येच पडतात, आणि मिश्र रक्ताच्या पिल्लाचे कधीकधी उभे राहतच नाहीत. हे माहीत नसलेल्या, किंवा माहीत असूनही घाई झालेल्या कोणीतरी दोन महिन्यांच्या पिल्लाचे कान ‘ओरिजिनल’ दिसावेत म्हणून ताणून बांधले होते, आणि जुलाब सुरू होताच त्याला रस्त्यावर सोडले होते, असा माझा अंदाज आहे. जनावराला उपाशी मरण्यासाठी असे सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, परंतु गावाबाहेरच्या ढाब्यामागे पिल्लू टाकणाऱ्याचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो. विकणाऱ्यांइतकाच माझा राग घेणाऱ्यांवरही आहे. माझ्याकडे नवे पिल्लू घेऊन येणाऱ्या दहांतले सात जण लसीच्या तारखेआधी ‘कान कधी उभे राहतील’ हे विचारतात; बाजार त्यांच्या प्रश्नावरच चालतो.

टॉवेल उघडताच पार्वोचा, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा, वास आला. रक्तमिश्रित, सडक्या आतड्याचा हा वास एकदा ओळखीचा झाला की तपासणीची पट्टी केवळ नोंदीपुरती उरते. तिच्यावर दोन रेघा उमटल्याच. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतो, त्यामुळे एकीकडे शरीरातले पाणी आणि रक्त वाहून जाते, तर दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटतात आणि उघड्या पडलेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरतात. विषाणूवर थेट मारा करणारे औषध आमच्या हाताशी नसते. सलाईन, उलटी थांबवणारे औषध, प्रतिजैविक, साखर आणि पोटॅशियम यांच्या जोरावर पिल्लाला त्याचे स्वतःचे शरीर सावरेपर्यंत तगवून धरायचे, एवढेच आम्ही करतो. ‘एवढेच’ म्हटले तरी त्यात सगळे कसब लागते. पाणी आटलेल्या अडीच किलोच्या पिल्लाची पुढच्या पायाची शीर दोऱ्यासारखी चपटी झालेली असते. मी पाय कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवला, शीर किंचित भरण्याची वाट पाहिली, आणि चोवीस नंबरची सुई आत गेल्यावर तिच्या मुळाशी रक्ताचा थेंब दिसला तेव्हाच श्वास सोडला. हे मी अभिमानाने लिहीत आहे, कारण ती शीर हुकली असती तर दुसरी शोधायला त्या पिल्लाकडे वेळ उरलेला नव्हता.

दिवसा सलाईन दवाखान्यात देता येते, पण रात्री पार्वोचे पिल्लू ठेवायला माझ्याकडे वेगळी खोली नाही, आणि लसीसाठी येणाऱ्या इतर पिल्लांच्या जवळ त्याला ठेवणे म्हणजे त्यांना मारणे. फॉस्टरसाठी, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, असे घर हवे होते, जिथे कुत्रे नाही आणि पुढे वर्षभर लस न झालेले पिल्लू येणारही नाही. या विषाणूला चरबीचे आवरण नसते, म्हणून फिनेलने तो मरत नाही. ब्लीचच्या पाण्याने पुसून न घेतलेल्या फरशीवर आणि सावलीतल्या ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. मुलांच्या गटावर आवाहन गेले, हृदयाच्या चिन्हांचा वर्षाव झाला आणि घर एकानेही दिले नाही. हा अनुभव नवा नाही. फोटो टाकणारे हात पुष्कळ असतात, रात्री दोन वाजता ओकारी पुसणारे फार थोडे.

शेवटी ज्याने ते पिल्लू उचलून आणले होते, त्या गारमेंटमध्ये काम करणाऱ्या मुलानेच, “आमच्या घरी कधी कुत्रं नव्हतं, अम्माला विचारतो,” असे म्हटले. त्याची आई विडी कामगार; विडी घरकुल भागात दोन खोल्यांचे घर. तिला वस्तीत सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ती आली, पिल्लाकडे पाहून काही न बोलता मला म्हणाली, “रात्री मी विड्या वळत बसतेच की, मॅडम. काय बघायचं तेवढं दाखवा.”

मी तिला हिरड्यांचा रंग बघायला शिकवले, मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायला शिकवले, आणि सुई नसलेल्या सिरिंजने गालातून थेंबथेंब पाणी द्यायला शिकवले. तिला वाचता येते ते तेलुगू, त्यामुळे माझा मराठी तक्ता तिच्या कामाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवीतून विडी बांधण्याचा दोरा काढून माझ्यापुढे धरला. उलटी झाली की एक गाठ, शौचाला झाले की दुहेरी गाठ. रात्र सरत गेली तशी गाठींमधले अंतर कसे वाढले, ते दोऱ्यावर बोट फिरवताच कळत होते. आणखी एक गोष्ट तिने सांगितली: उलटीच्या आधी थोडा वेळ पिल्लू जीभ फिरवून ओठ चाटते आणि काही खाल्लेले नसताना गिळते. मळमळीचे हे लक्षण आम्हाला पुस्तकात शिकवतात. तिने ते स्वतः बघून ओळखले होते, आणि ते दिसले की ती पाणी देणे थांबवून पिल्लाला डाव्या कुशीवर घेत असे. तिच्या निरीक्षणावरून मी औषधाची वेळ अलीकडे आणली. आजवर ज्यांच्याबरोबर काम केले, त्यांपैकी प्रशिक्षण घेतलेल्या अनेक मदतनिसांपेक्षा तिची नजर मला अधिक विश्वासाची वाटली. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. तरी साठवलेल्या पिंपातले पाणी काढून ती रोज फरशी ब्लीचने पुसत होती.

उलट्या थांबल्यावर पेज आणि उकडलेल्या कोंबडीचे पाणी सुरू केले, आणि चिन्ना (हे नाव अक्कानेच ठेवलेले) हळूहळू उठला. कानामागे खाजेचे चट्टे दिसले तेव्हा वस्तीतल्या कोणीतरी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सुचवले होते. ते मी ठामपणे थांबवले, कारण शेफर्ड जातीच्या काही कुत्र्यांत या औषधाला मेंदूपर्यंत जाण्यापासून रोखणाऱ्या जनुकात दोष असतो, आणि खाजेसाठी लागणारी मात्रा त्यांना झटके आणू शकते. इतर लसी वेळापत्रकाप्रमाणे झाल्या, आणि वयाचे तीन महिने उलटल्यावर रेबीजचीही झाली.

तोवर दत्तकासाठी एक कुटुंब पुढे आले होते. होटगी रोडला बंगला, गृहस्थ व्यापारी, बोलण्यात नम्र, दोन मुले, घरात दिवसभर आजी-आजोबा. अर्जातल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी नीट उत्तर दिले, साखळीने न बांधण्याची अट मान्य केली, नसबंदीचा खर्च स्वतः करण्याची तयारी दाखवली. घर बघायला मी स्वतः गेले. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली, रोज पाणी घातल्याने ओल्या राहणाऱ्या जागेत एक रिकामे लाकडी खुराडे होते. दिवाळीच्या सुमारास आणलेले लॅब्रॅडोरचे पिल्लू आठवड्यात ‘विषबाधेने’ गेले, असे आजोबांनी सांगितले. मी लक्षणे विचारली. उलट्या, रक्ताचे जुलाब, तो वास. विषबाधा नव्हतीच ती.

इथे आजाराचा हिशेब विलक्षण उलटा होता. पार्वोतून वाचलेल्या पिल्लाला दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते, म्हणजे त्या अंगणात निर्धास्तपणे खेळू शकेल असे माझ्या हातातले एकमेव पिल्लू चिन्नाच होता. दुसरे कोणतेही लहान पिल्लू तिथे पाठवणे धोक्याचे होते. त्याच हिशेबाने, चिन्ना आजारी असताना जिथे राहिला त्या अक्काच्या घरीही वर्षभर दुसरे पिल्लू देता येणार नव्हते. एक कुत्रा, आणि दोन्ही घरांना तोच चालणारा.

अक्काच्या घराची अडचण वेगळी होती. तिथे सुपात तंबाखू असते. निकोटिन कुत्र्याला विषारी आहे; लाळ, उलटी, थरथर, झटके अशा क्रमाने ते चढते, आणि तीन-चार किलोच्या पिल्लाला चमचाभर तंबाखूही जिवावर बेतू शकते. बरा झाल्यावर चिन्ना दिसेल त्यात तोंड घालू लागला होता. अक्का स्वतःच म्हणाली, “मोठ्या घरात द्या मॅडम, इथं सगळी तंबाखूच आहे बघा.” तसे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी घरी गेले तेव्हा तिच्या मुलाने जुन्या मागाच्या लाकडी पट्ट्या ठोकून आतल्या खोलीच्या दाराला कमरेएवढे फाटक केलेले होते; तंबाखूचे डबे फळीवर गेले होते आणि विड्या वळण्याची बैठक त्या फाटकाच्या आत सरकली होती. द्यायचेच होते तर हे कशासाठी केले, असे मी विचारले नाही.

मी चिन्ना तिला दिला. मुलांपैकी काहींना ते पटले नाही. बंगला सोडून विडीच्या घरात पिल्लू ठेवणे म्हणजे भावनेच्या आहारी जाणे, असे एकाने मला तोंडावर सांगितले. मला ते मान्य नाही. पिल्लाच्या स्वभावाची घडण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान होते, आणि चिन्नाचा त्यातला मोठा भाग त्या दोन खोल्यांत गेला होता. तंबाखूचा धोका फाटकाने आवरता येण्यासारखा होता आणि तो आवरून दाखवलेला होता. व्यापारी कुटुंबाला मी स्पष्ट सांगितले, आणि कागदावर लिहूनही दिले, की वर्षभर घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. हवे असल्यास लसीकरण झालेला मोठा कुत्रा मी शोधून देईन. त्यांनी आभार मानले.

मे महिन्यात त्याच घरातले एक पिल्लू माझ्या टेबलावर आले. पंचेचाळीस दिवसांचे, शुद्ध जर्मन शेफर्ड म्हणून विकत घेतलेले, एका लसीची नोंद असलेले. विकणाऱ्याने टोचलेली ती लस नीट थंड ठेवलेली होती की नाही, हे त्या वहीवरून कळत नव्हते. घरी आल्याच्या सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या होत्या. गृहस्थ म्हणाले, “डॉक्टर मॅडम, तुम्ही सांगितलं होतं, पण मुलांनी फारच हट्ट धरला.” मी ते सगळे केले जे चिन्नासाठी केले होते. शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेले.

पार्वोची लक्षणे संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात. दुसऱ्या दिवशी आजार दिसला असता तर तो विकणाऱ्याकडूनच आला, असे मी खात्रीने सांगू शकले असते. दहाव्या दिवशी दिसला असता तर अंगणातून. सहावा दिवस दोन्हीकडे बसतो. त्या कढीपत्त्याखालच्या ओल्या मातीत विषाणू मेपर्यंत टिकला होता, की सोलापूरच्या उन्हाने तो केव्हाच संपला होता आणि पिल्लू आजार घेऊनच त्या घरात आले होते, हे कोणत्याही तपासणीतून आता कळणार नाही. पण चिन्ना त्या घरात असता तर हे दुसरे पिल्लू तिथे आलेच नसते, एवढे मला कळते. ते कुठेतरी दुसऱ्या घरात गेले असते. तिथे जगले असते की नाही, हाही प्रश्न उरतोच. अक्काच्या घरी गेले की चिन्ना माझा हात चाटतो, उजवा कान उभा, डावा अर्ध्यात मोडलेला, आणि मला आपला निर्णय योग्य वाटतो. होटगी रोडवरून जाताना तसे वाटत नाही.

दत्तकाच्या अर्जात मी एक प्रश्न वाढवला आहे: गेल्या वर्षभरात या घरात कुत्र्याचे पिल्लू आजाराने गेले आहे का, आणि कोणत्या लक्षणांनी? त्या कुटुंबाच्या अंगणातली वरची माती काढून जागा उन्हात उघडी टाकायला सांगितली आहे, खुराडे जाळायला सांगितले आहे. सध्या माझ्याकडे तीन वर्षांची, सगळ्या लसी आणि नसबंदी झालेली एक गावठी कुत्री आहे. मुलांना अजून पिल्लूच हवे आहे, पण त्यांची आई रविवारी तिला बघायला येणार आहे.